गावरान डुकरीण पिल्लांवर बसते, काय करू?

मळेकरी, कागल: दोन गावरान माद्या पाळल्यात. विलायतीएवढं वजन भरत नाही, पण काटक. परवा एक व्याली, सात पिल्ली. दोन तिच्याच अंगाखाली गेली. रात्रभर बॅटरी धरून बसलोय.

शिरोळकर: भावा, भिंतीपासून वीतभर आत, वीतभर उंचीवर आडवा पाईप ठोक. पिल्ली त्याच्यामागं सरकतात. कोपऱ्यात बल्ब लाव, ऊब मिळाली की आईला चिकटून झोपत नाहीत.

गडहिंग्लजचा: पिल्ली फरशीवर असतील तर मातीतनं लोह मिळत नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून लोहाचं इंजेक्शन. आणि हॉटेलचं खरकटं उकळल्याबिगर घालू नको, त्यातनं आफ्रिकन स्वाइन फीव्हर (डुकरांचा जीवघेणा ताप) येऊ शकतो, त्याला इलाज नाही.

मळेकरी, कागल: ठोकला पाईप. पाचही जित्ती हायत. पुढच्या खेपेला गाभण राहिल्यापासून ११४ दिवस मोजून आधीच ठोकतो. आई मात्र अजून माझ्याकडं तिरकं बघतीया.