भाऊबीजेनंतर माहेरच्या मैत्रिणींचा एक दिवस : रामोजी, वंडरला का नागपूरचा वॉटर पार्क?

पाटणबोरीकडची

नमस्कार सगळ्याइले. आम्ही पांढरकवड्याजवळच्या एका गावातल्या मैत्रिणी, पहिलीपासून दहावीपर्यंत संगं शिकलो, आता कोणी वणीले दिली, कोणी हिंगणघाटले, कोणी आर्णीले, एक तं पार आदिलाबादच्या पलीकडं. वर्षभर फोनवरच बोलणं होते आणि तेही सैपाक करता करता. दिवाळीत सगळ्या माहेरी येतात पण एक आली का दुसरी निघून जाते, कोणाच्या घरी पाहुणे, कोणाचा भाऊ घ्यायले येते, म्हणजे एका गावात राहूनही धड दोन तास भेट नाही. यंदा आतापासूनच ठरवून राहिलो का गायगोधन झालं, भाऊबीज झाली, का एक अख्खा दिवस फक्त आपला. त्या दिवशी चुलीपाशी कोणीच जाणार नाही.

आता कुठं जायचं यावर ग्रुपवर रोज चर्चा चालू आहे. दोघीइले हैदराबादची रामोजी फिल्म सिटी पाह्यची आहे, बाहुबलीतल्या माहिष्मतीसमोर फोटो काढायचा म्हणतात. दोघीइले हैदराबादच्याच वंडरला पार्कचे झुले पाह्यजे. एक म्हणते एवढ्या दूर कायले, नागपूरले अमरावती रोडवर वॉटर पार्क आहे तिथंच जाऊ अन् रात्री घरी येऊ. आमच्यातली एक पाच महिन्याची गरोदर आहे आणि एकीचं पोट्टं दीड वर्षाचं, त्या दोघीइले सोडून जायचं नाही, हे पक्कं. पैसे आहेत, लाडक्या बहिणीच्या पैशातून थोडे थोडे बाजूले ठेवले आहे, पण उधळायले नाहीत. घरचे म्हणतात वेचणीले बाया भेटून नाही राहिल्या अन् तुम्ही कापूस सोडून झुल्यावर बसायले चालल्या. तरी जायचंच आहे. कोणी जाऊन आलं असन तं खरं खरं सांगा, गर्दी कशी राहते, कपड्याचं काय, आणि गाडीचं कसं करावं.

चव्वेचाळीसचा डायवर

ताई मी पांढरकवड्यातूनच क्रुझर चालवतो, दिवाळीत हैदराबादच्या भाड्या असतातच. तुमच्याकडून नागपूर दीडशे किलोमीटर अन् हैदराबाद साडेतीनशेच्या आसपास. रस्ता एकच, ४४ नंबरचा हायवे, पिंपळखुटीवरून पैनगंगा ओलांडली का आदिलाबाद, मंग निर्मल, कामारेड्डी, मेडचल. मेडचलपाशी शहरात घुसायचं नाही, आऊटर रिंग रोड धरायचा. रामोजी विजयवाड्याच्या रोडवर आहे अन् वंडरला राविर्यालले, दोन्हीइले रिंग रोडनंच जाता येते, शहराचं ट्राफिक लागतच नाही. हे डायवरले आधी विचारून घेजा, नाही तं सकाळचे दोन तास सिकंदराबादच्या सिग्नलवर जातात.

मेन गोष्ट सांगतो. गावातल्या कोणाची पांढऱ्या पाटीची, म्हणजे घरगुती गाडी डिझेल टाकून नेऊ नका. ती गाडी भाड्यानं चालली म्हणून काही झालं तं विमा कंपनी हात वर करते, अन् तेलंगणात पकडली तं वेगळा दंड. पिवळी पाटी, तेलंगणाचा टॅक्स भरलेली पावती, अन् डायवर दोन. रात्री दहाले निघून सकाळी पोचायचं, दिवसभर फिरायचं अन् त्याच रात्री परत, असं एका डायवरवर कोणी करत असन तं मी माह्या बहिणीले त्या गाडीत बसू देणार नाही. पहाटे तीन ते पाच या टायमात डोळा लागते, कितीही पक्का डायवर असू द्या. तुम्ही आत फिरत असान तेव्हा डायवरले झोपू द्या, त्याले फोन करू करू इकडं ये तिकडं ये करू नका, अन् त्याच्या जेवणाचं आधी पाहा.

भंडाऱ्याची मास्तरीण

मी मात्र नागपूरच्या बाजूची. आमच्याकडे भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते, दिवसा बाजार, आकाशपाळणा, रात्री दंडार नाहीतर खडी गंमत ही लोकनाट्यं, त्यामुळे माहेरवाशिणींना भेटायला आमच्याकडे हाच दिवस राखलेला असतो. तरी आम्ही मैत्रिणी दिवाळीच्या सुट्टीत नागपूरच्या एका वॉटर पार्कला गेलो होतो म्हणून लिहिते. दीड-दोन तासांचा प्रवास, संध्याकाळी घरी, लेकरं आजीकडे, कोणाला रात्रीची परवानगी मागायची गरज नाही. ज्यांच्या सासरी रात्रभर बाहेर राहायचं म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात त्यांच्यासाठी ही गोष्ट छोटी नाही. पाटणबोरीकडून अंतर वाढेल, पण तरी दिवसात होतं. अन् नागपूरपर्यंत एसटीनं गेलात तर १७ मार्च २०२३ पासून बायकांना हाफ तिकीट आहेच, पुढे लोकल गाडी करायची.

दोन गोष्टी पण आहेत. पहिली, आपल्या शाळांना तेव्हा सुट्ट्या असतात म्हणून अख्खा विदर्भ तिथंच असतो. घसरगुंडीच्या पायऱ्यांवर उभं राहून राहून पाय दुखतात आणि खाली येणं पाच सेकंदांचं. दुसरी, पाण्यात साडी चालत नाही, सुती ड्रेस चालत नाही, ओढणी तर अजिबातच नाही. नायलॉनचा नाहीतर पॉलिस्टरचा अंगाला धरून बसणारा कपडा लागतो, कारण सुती कपडा पाणी पिऊन जड होतो, घसरताना अडकतो आणि त्याचे धागे पाण्याच्या फिल्टरमध्ये जातात. तिथं भाड्यानं मिळतो पण आधी किती जणींनी घातला कोण जाणे, म्हणून तालुक्यातूनच पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि लेगिंग घेऊन जा. आमच्यातल्या दोघी कपडे पाहूनच काठावर बसून राहिल्या, पूर्ण दिवस, पर्सा सांभाळत. मला ते अजून लागतं, कारण त्या दोघींनीच सगळ्यात जास्त हौसेनं पैसे जमवले होते. तुमच्यात कोणाला असं अवघडल्यासारखं होणार असेल तर पाण्याचा पार्क निवडूच नका.

वणीची, मुक्काम हैदराबाद

मी वणीची, लग्न होऊन इकडं आली, माहेरचं कोणी आलं का मलाच फिरवा लागते म्हणून दोन्ही जागा चांगल्या माहीत आहे.

आधी गर्दीचं. आपल्याकडं मोठी सुट्टी दिवाळीची, इकडं दसऱ्याची, बतुकम्मा या दसऱ्याआधीच्या फुलांच्या सणापासून शाळा बंद असतात तेव्हा रामोजीत पाय ठेवायले जागा नसते. दिवाळीले इकडं जवळपास एक दिवसाचीच सुट्टी. म्हणजे भाऊबीज झाल्यावर मधल्या वारी आल्या, सोमवार ते गुरुवार, तं इकडचे लोक कामावर अन् पोरं शाळेत. महाराष्ट्राच्या गाड्या दिसतात पण शनिवार-रविवारसारखं नाही. नागपूरले त्याच दिवशी उलटं होते, मास्तरीणबाईंनी सांगितलंच. तुमचा दिवस वाचवायचा असन तं हा हिशेब अंतरापेक्षा मोठा आहे.

आता दोन्हीतला फरक. वंडरला झुल्यांचं ठिकाण आहे, २०१६ साली सुरू झालं, जमिनीवरचे झुले वेगळे अन् पाण्याचे वेगळे. मोठ्या झुल्याइले उंची मोजतात, १४० सेंटीमीटरच्या खाली बसू देत नाही, बीपी-हार्टवाल्याइले अन् गरोदर बाईले नाही म्हणजे नाही. तिथं रिकॉइल नावाचा झुला आहे, उलटं करून पुढं नेते अन् मंग तसंच मागं आणते, ज्याइले आवडते त्या उतरून पुन्हा रांगेत लागतात. पण तुमची गरोदर मैत्रीण अन् लेकराची आई तिथं दिवसभर बेंचावर बसन. पाण्याचे कपडे तिथंही तेच.

रामोजी म्हणजे १९९६ साली चालू झालेली खरी फिल्म सिटी, जगातला सगळ्यात मोठा स्टुडिओ म्हणून गिनीजमध्ये नाव आहे. आत चालणं आहे पण लांबलांबचं त्यांच्याच लाल बसमधून दाखवतात, गाईड हिंदीत सांगत जाते. विमानतळाचा सेट, रेल्वे स्टेशनाचा सेट, रस्त्याच्या एका बाजूनं परदेशातली घरं अन् मागून गेलं का नुसता लोखंडी सांगाडा. माहिष्मतीचे हत्ती, पुतळे सगळं उभं आहे. मंग फुलपाखरांचा बाग, पक्ष्यांचा पार्क, काउबॉयवाला मारामारीचा शो, सिनेमात आवाज कसा भरतात थे दाखवते. लेकरांसाठी फंडुस्तान म्हणून वेगळा भाग आहे. साधे झुलेही आहे, घाबरट मैत्रिणीलाही चालतात. सणाच्या दिवसांत संध्याकाळी कार्निवल ठेवतात, रोषणाई, नाचणाऱ्याइची मिरवणूक, गाड्या सजवलेल्या. त्याचं तिकीट साध्या तिकिटापेक्षा वेगळं असते अन् तारखा दरवर्षी बदलतात, तं बुकिंगच्या आधी त्यांच्या वेबसाईटवर पाहून घ्या. साडी नेसून गेलं तरी काहीच अडत नाही. माह्या आईनं नऊवारीत पूर्ण रामोजी पाहिली अन् संध्याकाळी मिरवणुकीसंगं टाळ्या वाजवत चालली, इतकी खुश मी तिले क्वचित पाहिली.

म्हणून तुमच्यासाठी रामोजी. दोन्ही एका दिवसात करायचं मनातही आणू नका, दोन्हीकडं माणशी हजाराच्या वर तिकीट आहे अन् एकही धड होत नाही. झुल्यावाल्या दोघीइले वंडरला पुढच्या खेपेले.

आर्णीची सून

मी त्या दीड वर्षाच्या लेकराच्या आईसारखीच, म्हणून लिहून राहिली. बाहेरचं खायचं आत नेऊ देत नाही हे दोन्हीकडं आहे, पण लेकराचं दूध-खिचडी असन तं गेटवर सांगायचं, सहसा अडवत नाही. चिवडा-चकल्या गाडीतच ठेवा, रस्त्यात कामी येतात. अन् सोनं घालून जाऊ नका. झुल्यावर बसताना गळ्यातलं, कानातलं काढून ठेवा म्हणतात, मंग लॉकरात डोरलं ठेवून दिवसभर जीव तिथंच अडकून राहते. साधी काळी पोत घालून जायची, सासूबाईले आधी सांगून द्यायचं.

गरोदर मैत्रिणीचं मला वाटते तिलेच विचारावं, अन् तिच्या डॉक्टरले. रामोजीपेक्षा साडेतीनशे किलोमीटरचा रात्रीचा प्रवास अवघड आहे. क्रुझरच्या मागच्या आडव्या सीटवर तिले बसवू नका, डायवरच्या मागची सीट द्या, दर दोन तासानं उतरवा. अन् जमत नसन तर बळजबरी नको, ती संगं यावी म्हणून तुम्ही जागा बदलली तरी ती खुश होईन. शेगाव आहेच ना, दर्शन होते, मंदिरात प्रसाद होते. आनंदसागर बरीच वर्षं बंद होतं, तं जायच्या आधी काय काय उघडं आहे हे विचारून घ्या.

पाटणबोरीकडची

सगळ्याइले मनापासून धन्यवाद, एवढं नीट कोणी सांगन वाटलं नव्हतं. रात्री सगळ्याइले वाचून दाखवलं फोनवर. मास्तरीणबाई, तुमच्या त्या दोन मैत्रिणींचं वाचून आमच्यातली एक बोलली का मले पण पाण्यात उतरायले लाज वाटली असती पण म्हणू शकत नव्हती. मंग वॉटर पार्क तिथंच संपला.

गरोदर मैत्रीण डॉक्टरले विचारून आली, डॉक्टर म्हणाले प्रवास करा पण एका दमात नाही. म्हणून आता असं डोक्यात आहे का आदल्या दिवशी सकाळी निघायचं, आदिलाबादच्या पलीकडं जी दिली आहे तिच्या सासरी दुपारचं जेवण, तिची सासू स्वतः म्हणाली या म्हणून, मंग संध्याकाळपर्यंत हैदराबाद, तिथं मुक्काम, दुसऱ्या दिवशी पूर्ण रामोजी, कार्निवल पाहून तिथंच झोपायचं अन् तिसऱ्या दिवशी उजेडात घरी. एका दिवसाचे तीन झाले, खर्चही वाढला, पण रात्रीची गाडी चालवायचीच नाही म्हटलं तं हेच बसते. आता वणीच्या ताईले विचारायचं होतं का बायाबायाइले राहायले रामोजीच्या जवळ साधी, सुरक्षित जागा भेटते का, का शहरात राहावं? अन् तेलंगणात बायकांना बस फुकट आहे म्हणतात, ते आम्हाले चालन का, म्हणजे आदिलाबादपर्यंत एसटीनं जाऊन पुढं त्याइच्या बसनं?

वणीची, मुक्काम हैदराबाद

फुकट बस ९ डिसेंबर २०२३ पासून आहे पण ती तेलंगणाच्या रहिवासी बायकांसाठी, आधार पाहतात. तुमच्यापैकी आदिलाबादवालीचं आधार इकडचं झालं असन तं तिलेच फक्त. बाकीच्याइले पूर्ण तिकीट. अन् आपल्या एसटीचं हाफ तिकीट राज्याच्या हद्दीपर्यंतच. गरोदर बाई, लेकरू, बॅगा, एवढं घेऊन बस बदलत बसू नका, गाडीच करा.

राहायले रामोजीच्या आत हॉटेलं आहे पण महाग पडते. हयातनगरच्या बाजूनं विजयवाडा रोडवर लॉज आहे, तिथून रामोजी जवळ. बुक करताना फॅमिलीवाली जागा आहे का विचारायचं, सगळ्याइचं आधार कार्ड संगं ठेवायचं, अन् खोल्या एकाच मजल्यावर मागायच्या. मले मेसेज करा, माह्या नवऱ्याले पाठवून मी आधी पाहून घेते, माहेरच्या बाया आहे, एवढं तं करीनच. सकाळी नऊले गेटवर उभ्या राहा, सुरुवातीचा स्वागताचा कार्यक्रम चुकवू नका, अन् आधी लाल बसची सफर घ्या, दुपारी तिथं ऊन लागते. गरोदर ताईले दुपारी शो असतात त्या हॉलात बसवा, आत सावली असते.

चव्वेचाळीसचा डायवर

दिवसाचा प्रवास असन तं एक डायवर चालते ताई, पण मुक्कामाची त्याची झोपायची सोय लॉजमध्येच करजा, गाडीत नाही. अन् वेचणीचं म्हणाल तं घरी सांगा, पहिली वेचणी भाऊबीजेच्या आधी उरकून टाकू, आम्हीही येतो हात लावायले. आमच्या घरी तसंच केलं होतं, मंग कोणी काही बोललं नाही. गाडी पाह्यजे असन तं भाऊबीजेच्या दोन आठवडे आधी सांगा, नंतर पांढरकवड्यात एकही रिकामी भेटत नाही.

पाटणबोरीकडची

हाव भाऊ, गाडी तुमचीच धरतो. वेचणीचं आज रात्रीच बाबाइले सांगते.