नाव सोनुबाई, आणि हाती खरंच सोनं!

ज्या वस्तूचं सगळं जग कौतुक करतं तिच्याबद्दल माझ्या मनात आपोआप अढी बसते. 'एकदा वापरून बघ, आयुष्य बदलेल' असं कुणी म्हणालं की पुढची दोन वर्षं तरी मी त्या वस्तूच्या वाटेला जात नाही. बहुतेक वेळा हा हट्ट फायद्याचाच ठरतो. तोवर तीच माणसं दुसऱ्याच कशाचा तरी उदोउदो करत असतात आणि पहिली वस्तू माळ्यावर गेलेली असते. पण कधीकधी सपशेल तोंडघशी पडायला होतं. परवा भाचीने तिचे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन माझ्या कानांवर चढवले आणि खोलीतला पंखा बंद पडला. वर पाहिलं तर पंखा आपला फिरतोय!

तर रोजच्या वापरातली अशी कुठली वस्तू, सवय किंवा कसब आहे, जिचा गाजावाजा ऐकून तुम्ही नाक मुरडलं होतं आणि नंतर गुपचूप शब्द मागे घेतले? दोनच अटी. वापरायला लागून निदान वर्ष झालेलं असावं, नव्याचे नऊ दिवस नकोत. आणि 'भारी आहे, घ्याच' एवढ्यावर भागवू नका, नेमकं काय मिळालं ते लिहा. माझा आपला असा संशय आहे की जाहिरातीत सांगतात तो फायदा आणि आपल्याला पटतो तो फायदा, हे सहसा वेगळेच असतात.

माझ्यापासून सुरुवात करता येत नाही, कारण हेडफोन परवाच मागवलेत.

* * *

माझ्याकडचे हेडफोन सहा वर्षांचे आहेत, म्हणजे पहिली पाळी माझी.

आधी एक गैरसमज काढतो. हे यंत्र सरसकट शांतता देत नाही. बाहेरून येणारी ध्वनिलहर मायक्रोफोनने टिपायची आणि तिची बरोबर उलटी लहर कानात सोडायची, की दोघी एकमेकींना खाऊन टाकतात, असा तो खेळ आहे. तो चांगला जमतो पंखा, एसी, विमानाचं इंजिन असल्या सलग, खर्जातल्या आवाजांवर. कुत्र्याचं भुंकणं किंवा शेजारच्या टेबलावरच्या गप्पा तितक्या सफाईने पुसल्या जात नाहीत. बोस या ध्वनियंत्रांच्या कंपनीचे संस्थापक अमर बोस यांच्या डोक्यात ही कल्पना १९७८ साली विमानात बसलेले असतानाच आली, त्यात काही नवल नाही. वैमानिकांसाठीचा संच बाजारात यायला मात्र १९८९ उजाडलं.

मला काय मिळालं? लांबच्या विमानप्रवासात मी त्यात गाणी लावतच नाही, नुसते चालू करून कानांवर ठेवतो. पूर्वी आठ तासांनी उतरलो की डोकं जड व्हायचं, बोलायची इच्छा नसायची आणि न्यायला आलेल्या माणसावर मी उगाच वसकायचो. वाटायचं, अपुऱ्या झोपेमुळे होत असेल. झोप आजही तेवढीच होते, घरघर तेवढी गेली आणि वसकणंही गेलं. बायकोच्या मते या हेडफोनांचा जास्त फायदा तिला झालाय.

तोटा: सुरुवातीला कानात दडा बसल्यासारखं वाटतं. काहींचं ते जातच नाही, तेव्हा घेण्याआधी अर्धा तास घालून बघा. आणि रस्त्यावर चालताना कृपया नको.

* * *

चाकांची बॅग. हसू नका.

माणूस चंद्रावर उतरला १९६९ मध्ये आणि बॅगेला चाकं लावण्याचं पेटंट बर्नार्ड सॅडो यांना मिळालं १९७२ मध्ये! तीही पट्ट्याने ओढायची. आज आपण फिरवतो ती दांड्याची उभी बॅग रॉबर्ट प्लाथ नावाच्या वैमानिकाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस काढली. मी मात्र त्यानंतरही वीस वर्षं खांद्याला पट्टा अडकवून हिंडलो, कारण चाकांची बॅग 'म्हाताऱ्यांची' वाटायची. आता उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आहे. शिंप्याने दाखवून दिलं.

* * *

वरच्या बॅगवाल्यांना अनुमोदन. फक्त चारही बाजूंना फिरणाऱ्या चाकांची घेतलीत तर उतारावर हात सोडू नका. ती तुमच्या आधी पोचते.

* * *

हिला वस्तू म्हणावं की नाही कोण जाणे, पण चोवीस तास वापरात आहे: डोळ्यातलं कृत्रिम भिंग.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं प्रत्येक माणूस 'अगं, रंग काय दिसतात!' म्हणतं. मला ते उतारवयात स्वतःची समजूत घालणं वाटायचं. माझ्या दोन डोळ्यांच्या ऑपरेशनांत पाच आठवड्यांचं अंतर पडलं आणि त्या पाच आठवड्यांत मी दिवसातून वीसदा तरी एकच खेळ खेळले. एक डोळा झाकायचा, मग दुसरा. झालेल्या डोळ्याने कागद पांढराशुभ्र, न झालेल्याने तोच कागद जुन्या वहीच्या पानासारखा. जी भिंत मी आठ-दहा वर्षं पिवळसर समजत होते ती पांढरी निघाली. रंगाऱ्याला उगाच नावं ठेवली होती. काळी म्हणून पांघरत होते ती शाल हातात घेऊन मुलीला विचारलं, "अगं, ही निळी आहे?" तर म्हणाली, "आई, ती पहिल्यापासून निळीच आहे."

वयाबरोबर आपलं मूळचं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा-जांभळा प्रकाश अडवायला लागतं. हे इतकं सावकाश होतं की कळतच नाही. चित्रकार क्लोद मोने यांचं ऑपरेशन १९२३ साली झालं, त्यांनाही नंतर निळा रंग निराळाच दिसायला लागला होता. पण त्या काळी भिंग नुसतं काढून टाकत आणि हातात जाडजूड चष्मा देत. आत दुसरं भिंग बसवायचं धाडस नेत्रतज्ज्ञ हॅरल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ साली केलं. महायुद्धात विमानांच्या पर्स्पेक्स या पारदर्शक प्लास्टिकच्या छताचे कपचे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते, आणि ते तसेच आत राहिले तरी डोळा त्यांच्यावर चिडत नाही हे रिडलींनी हेरलं होतं. कपचा बघून भिंग सुचणाऱ्या माणसाला माझा साष्टांग नमस्कार.

आता तोटे. घरातली धूळ दिसायला लागली, आणि आरशातल्या सुरकुत्याही. त्या बाबतीत जुना डोळा समजूतदार होता. आणि दुसरं ऑपरेशन झाल्यापासून ताडून बघायला काही उरलं नाही. महिन्याभरात पांढरा पुन्हा नुसता पांढरा झाला. ते पाच आठवडे मात्र मजेचे होते.

* * *

बॅटरीवरचा टूथब्रश. दात घासायला यंत्र कशाला, असं मीही म्हणायचो. दर तीस सेकंदांनी तो थरथरून जागा बदलायला सांगतो आणि दोन मिनिटांनी थांबतो. तेव्हा समजलं की इतकी वर्षं मी जेमतेम चाळीस सेकंद घासत होतो. निम्मं श्रेय घड्याळाचं आहे, हे मान्य.

* * *

कीबोर्डकडे न बघता दहा बोटांनी टाइप करणं.

एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात ना, ते मला अकरा वर्षं साच्यातला दोष वाटायचे. एक तर मी नखाने खरवडून काढायचाही प्रयत्न केला होता. तर्जन्यांना न बघता आपापली जागा सापडावी म्हणून ते असतात, हे कळलं तेव्हा माझं वय पस्तीस.

शिकायला बसलो तेव्हा मिनिटाला चाळीस शब्दांचा वेग बारावर आला. तीन आठवडे अक्षरशः रडकुंडीला आलो. साहेबांनी तब्येतीची चौकशी केली. करंगळीला काम लावायचं हा तर छळच. चौथ्या आठवड्यात एका दुपारी लांबलचक मेल लिहून झाली आणि मग लक्षात आलं की खाली पाहिलंच नव्हतं.

वेगाचं म्हणाल तर आज पंचावन्नच्या आसपास आहे. लोक सांगतात तसं काही शंभर वगैरे झालं नाही. फायदा निराळाच निघाला. पूर्वी अर्धं वाक्य कळा शोधण्यात सांडायचं. आता नजर पडद्यावर असते, वाक्य वाकडं जायला लागलं की तिथेच दिसतं. मानेचं दुखणंही कमी झालं, पण ते खुर्ची बदलल्यामुळेही असेल.

* * *

रोज दहा हजार पावलं चालण्याबद्दल लिहितो, निम्मं बाजूने, निम्मं विरुद्ध.

हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. नाव जिभेवर बसलं आणि आकडा जगभर पसरला. २०१९ मध्ये सरासरी बहात्तर वर्षांच्या स्त्रियांवरचा एक अमेरिकी अभ्यास आला. त्यात दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांतही मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी दिसलं आणि सुमारे ७,५०० च्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही.

हे वाचल्यावर मी जे रात्री अकराला पलंगाभोवती फेऱ्या मारून आकडा पुरा करायचो, ते बंद केलं. चालणं मात्र सुटलं नाही, चार वर्षं झाली. वजन तसूभर हललेलं नाही. पण रात्री जे प्रश्न डोकं खातात त्यातले बरेचसे सकाळच्या तिसऱ्या वळणापर्यंत फुटकळ वाटायला लागतात. कसं ते विचारू नका.

* * *

विषय सोडून लिहितेय, पण सगळंच गोडगोड चाललंय म्हणून. आपोआप झाडू मारणारं ते गोल यंत्र आमच्याकडे दोन वर्षं होतं. ते चालू करायच्या आधी वायरी उचला, पायपुसणी उचला, खुर्च्या उलट्या टाका, आणि एवढं केल्यावर ते सोफ्याखाली अडकून मदतीला हाका मारणार. त्याच्यासाठी घर आवरायला नोकर ठेवायची वेळ आली होती. कुणाला फायदा झाला असेल तर सांगा, मी मत बदलायला तयार आहे.

* * *

सुरीला घरी धार लावणं. 'बोथट सुरीच जास्त कापते' हे वाक्य मला शहाणपणा मिरवण्यासाठी केलेलं वाटायचं. डाव्या अंगठ्यावरची खूण आजही आहे: बोथट सुरी, म्हणून जोर जास्त, म्हणून घसरली, आणि जोर सगळा अंगठ्यावर.

हजार नंबरचा दगड पाण्यात भिजवायचा. पातं दगडाशी पंधरा-वीस अंशांत तिरकं धरायचं आणि तो कोन न हलवता घासत राहायचं. सगळी विद्या त्या न हलवण्यात आहे. थोड्या वेळाने पात्याच्या दुसऱ्या बाजूवरून, काठाकडे बाहेर, बोट अलगद फिरवलं तर धातूची बारीक खरखरीत कड लागते. ती मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे लागली की बाजू बदलायची, आणि शेवटी हलक्या हाताने ती कड मोडून काढायची. पहिल्या दोन सुऱ्या मी बिघडवल्या. तिसरीने हातात लोंबता धरलेला कागद आवाज न करता उभा चिरला. त्यानंतरचा अर्धा तास मी घरातली रद्दी चिरत बसले होते, हे खरं तर लिहायला नको.

* * *

दुर्बीण रोजची वस्तू नाही, पण आकाश तर रोजचंच आहे. म्हणून शनीची कडी.

कडी फोटोत हजारदा पाहिलेली असतात, त्यात काय पाहायचं, हे माझं मत. मित्राच्या लहानशा दुर्बिणीतून, पन्नासेक पट मोठा केलेला शनी पाहिला. असेल तांदळाच्या दाण्याएवढा. पण कडी स्पष्ट सुटी, आणि सगळं चित्र किंचित थरथरणारं, कारण मधली हवा हलत असते. ते थरथरणं फोटोत नसतं. तेवढ्यानेच ते 'तिथे आहे' हे पटलं. गॅलिलिओने १६१० मध्ये हेच पाहिलं तेव्हा त्याला वाटलं, एका मोठ्या ग्रहाला दोन लहान चिकटलेत. ती कडी आहे हे डच खगोलशास्त्रज्ञ हॉयगेन्सने जाहीर केलं १६५९ मध्ये.

एक सूचना: साधारण पंधरा वर्षांतून एकदा कडी आपल्याला कडेवरून दिसतात, म्हणजे जवळजवळ दिसतच नाहीत. मार्च २०२५ मध्ये तसं झालं. तिथून पुढे ती हळूहळू उघडत जाणार आहेत, तेव्हा घाई नाही.

* * *

सासऱ्यांचं श्रवणयंत्र.

पहिल्या आठवड्यात त्यांनी ते काढून खणात टाकलं होतं. "सगळं खडखडतं. पेपरची घडी उलगडली तर कुणी पत्रा वाजवतंय असं वाटतं." तपासणाऱ्या बाईंनी समजावलं, इतक्या वर्षांत मेंदू हे आवाज विसरलाय, त्याला काही आठवडे द्या, रोज थोडं थोडं वाढवा. त्यांनी हट्टाने वाढवलं. बॅटरी बदलायचंही स्वतः शिकले. मसुराएवढी ती बॅटरी, तिच्यावरचा तपकिरी तुकडा सोलायचा आणि मिनिटभर तशीच ठेवायची, कारण ती हवेवर चालते. त्या मिनिटात ते कुणाशी बोलत नाहीत, घड्याळ लावून बसतात.

पंधराव्या दिवशी विचारलं, "हे टकटक काय वाजतंय?" भिंतीवरचं घड्याळ होतं. त्याला चावी तेच देतात, दर रविवारी.

आम्हाला वाटलं होतं, त्यांना ऐकू येईल, एवढंच. पण आठ वर्षं आम्ही सगळेच घरात ओरडून बोलत होतो, एकमेकांशीसुद्धा, ते बंद व्हायला दोन महिने लागले. मुलगा मित्राशी फोनवर हळू बोलायला लागला तेव्हा मला आधी वाटलं, हा काहीतरी लपवतोय.

आता कधीकधी आम्हा दोघांचं काहीतरी वाजायला लागलं की मामंजींचा हात शांतपणे कानामागे जातो. यंत्र निघतं, डबीत जातं, डबीचं झाकण लागतं आणि पेपर उघडतो.