मदत हवी आहे : आमच्या डी अँड डी पार्टीतला एक जणच खलनायक आहे, आणि हे फक्त मला माहीत आहे

नमस्कार मंडळी,

सल्ला हवाय आणि जरा घाईने हवाय, कारण पुढचं सेशन येत्या शनिवारी आहे.

आम्ही पाच जण दोन वर्षं डी अँड डीचं (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) एकच कॅम्पेन, म्हणजे एकच सलग गोष्ट खेळतोय. पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं, महिन्यातून एक शनिवार, कोथरूडला माझ्या घरी. डीएम मी, म्हणजे ते जग आणि नियम मी चालवतो. पार्टीत (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीत) वॉरलॉक (एखाद्या गूढ शक्तीशी करार करून जादू मिळवणारा), पॅलाडिन (शपथ घेतलेला पवित्र योद्धा), रेंजर (रानावनातला योद्धा) आणि क्लेरिक (दैवी ताकदीचा धर्मगुरू), सगळे आठव्या लेव्हलला. वॉरलॉक माझा आतेभाऊ खेळतो, पॅलाडिन माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. बाकी दोघं आधी तिचे सहकारी होते, आता माझेही मित्र आहेत.

मागच्या दिवाळीत आतेभावाने मला गच्चीवर गाठून विचारलं, "दादा, माझं कॅरेक्टर शेवटी वाईट निघालं तर चालेल?" त्याने हाताने लिहिलेली चार पानं आणली होती. वॉरलॉकचा धाकटा भाऊ मेलाय. ज्या शक्तीशी त्याचा करार आहे तिने भाऊ परत द्यायचं कबूल केलंय, पण बदल्यात किनाऱ्यावरच्या तीन देवळांच्या घंटा मुक्या करायच्या. आमच्या जगात रात्री समुद्रातून मेलेले वर येतात आणि घंटा वाजत असेपर्यंतच ते गावाबाहेर थांबतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मला ती पानं इतकी आवडली की मी तिथल्या तिथे हो म्हटलं. बाकीच्यांना विचारायला हवं होतं हे मनातसुद्धा आलं नाही.

पहिली घंटा गेल्या महिन्यात गेली. पार्टी त्या गावात मुक्कामाला होती. आतेभावाने मला टेबलाखालून मेसेज केला : पहाऱ्यावर असताना घंटेच्या लोलकाला लोकर गुंडाळतो. घंटा हलली, पण आवाज आला नाही. गाव बुडालं. त्यात नावाडी म्हातारी गेली. ती पॅलाडिन खेळणाऱ्या माझ्या मैत्रिणीची फार लाडकी होती. तिच्या वहीत त्या म्हातारीचं पेन्सिलने काढलेलं चित्र आहे, डोक्यावर पदर, हातात वल्हं. त्या संध्याकाळी तिने वही मिटली ती पुन्हा उघडलीच नाही.

खरी गोची याच्या पुढे आहे. पॅलाडिनला संशय आला की कोणीतरी आतलंच आहे. तिने झोन ऑफ ट्रूथ टाकला (त्यात अडकलेल्याला जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही असा स्पेल, म्हणजे मंत्र) आणि तिघांना त्यात उभं केलं. तिचा डीसी १४, म्हणजे सुटायला किमान १४ हवेत. वॉरलॉकला करिश्मा सेव्हवर (स्पेलमधून सुटायच्या फाशावर) अधिक सात मिळतात. मी पडद्यामागे फासा टाकला, ११ पडले, म्हणजे १८. तो सुटला. आता या स्पेलमध्ये कोण सुटलं आणि कोण अडकलं हे टाकणाऱ्याला कळतं, नियमातच तसं आहे. तिने मला सरळ विचारलं, "तिघंही अडकलेत ना?" आणि मी म्हणालो, "हो." मग वॉरलॉक सगळ्यांसमोर म्हणाला की मी घंटेला हात लावलेला नाही. तिने त्याची माफी मागितली. खरी माफी मागितली हो, संशय घेतला म्हणून.

आता शनिवारी क्लेरिक नावाडी म्हातारीच्या प्रेतावर स्पीक विथ डेड, म्हणजे प्रेताला बोलतं करणारा स्पेल टाकणार आहे. पाच प्रश्न विचारता येतात. म्हातारीने वॉरलॉकला घंटेपाशी पाहिलं होतं, हे मीच ठरवलंय आणि माझ्या टिपणात लिहिलेलं आहे.

तर प्रश्न असा : हे गुपित अजून टिकवावं का? टिकवायचं असेल तर कसं? आणि उघड झालं तर आतेभावाने पुढे काय करायचं? तो वॉरलॉक खेळत राहू शकतो का, की कॅरेक्टर माझ्या ताब्यात घेऊन त्याला नवीन करायला सांगू? मला त्याची ती चार पानं वाया घालवायची नाहीत. आणि या चौघांपैकी कोणीही टेबल सोडून जायला नकोय.

प्रतिसाद १

खेळाडूने खलनायक होण्यात नवीन काहीच नाही, त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. १९७४ साली डी अँड डी छापून येण्याआधी या खेळाचा एक जनक डेव्ह अर्नेसन ब्लॅकमूर नावाचं आपलं कॅम्पेन चालवत होता, त्यात एका खेळाडूचं पात्र व्हॅम्पायर झालं. सर फँग. ते इतकं डोईजड झालं की त्याला आवरायला दुसऱ्या एका खेळाडूला धर्मगुरूची ताकद द्यावी लागली, आणि त्यातून क्लेरिक हा क्लास (पात्राचा प्रकार) आला. तुमच्या टेबलावर जो क्लेरिक बसलाय तो मुळात अशाच एका खेळाडूच्या बंदोबस्ताला जन्मलाय. पण तिथे फँग कोण आहे हे सगळ्यांना माहीत होतं. लढायला मजा यायची ती त्यामुळे. शनिवारी म्हातारीला खरं बोलू द्या.

प्रतिसाद २

मी आठेक वर्षं डीएम आहे. तुम्ही प्रश्न आतेभावाबद्दल विचारलाय, पण मला काळजी वाटते ती झोन ऑफ ट्रूथची.

वॉरलॉक खोटं बोलला, ठीक. ते त्याचं कॅरेक्टर आहे, त्याच्याकडे डिसेप्शन (थाप मारायचं कौशल्य) आहे, समोरच्याकडे इनसाइट (थाप ओळखायचं) आहे, खेळ त्यासाठीच आहे. पण पॅलाडिनने जे विचारलं ते वॉरलॉकला विचारलं नव्हतं, तुम्हाला विचारलं होतं. डीएम सांगतो तेच त्या जगात दिसतं आणि ऐकू येतं, खेळाडूकडे दुसरे डोळे नसतात. तिने बरोबर संशय घेतला, बरोबर स्पेल निवडला, स्लॉट (स्पेल टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक) खर्च केला, आणि तुम्ही तिच्या हातातलं उत्तर काढून घेतलंत. शनिवारी प्रेताने सत्य सांगितलं की तिला पहिली आठवण त्या "हो"ची होईल. आणि तो तुमचा भाऊ आहे हे टेबलावर सगळ्यांना ठाऊक आहे.

तिला सेशनच्या आधी सांगा. एकटीला, फोनवर, मेसेजवर नाही. कोण गद्दार आहे हेही त्यात ओघाने येईलच, येऊ द्या.

प्रतिसाद ३

दोघांशी सहमत. मी फक्त लढाईच्या गणिताबद्दल लिहितो, कारण तिथे बरेच जण फसतात.

खेळाडूचं कॅरेक्टर जसंच्या तसं खलनायक म्हणून उभं करू नका. आठव्या लेव्हलच्या वॉरलॉकला, कॉन्स्टिट्यूशनचे (काटकपणाचे) अधिक दोन धरले, तर सरासरीने ५९ हिट पॉइंट मिळतात, म्हणजे तेवढाच मार तो सोसू शकतो. स्पेल स्लॉट दोन. समोर स्माइट करणारी (वारात दैवी ताकद ओतणारी) पॅलाडिन, रेंजर आणि क्लेरिक. एका राउंडला त्याची एक पाळी आणि त्यांच्या तीन. दुसऱ्या राउंडला तो आडवा, आणि चार पानांचा खलनायक दहा मिनिटांत संपला. कॅरेक्टर शीट बाजूला ठेवून राक्षसांसारखा स्टॅट ब्लॉक (आकडे आणि क्षमतांचा तक्ता) करा, लेजंडरी अ‍ॅक्शन द्या, म्हणजे इतरांच्या पाळीनंतरही त्याला काहीतरी करता येईल.

ताब्याचं म्हणाल तर आमच्याकडे असं केलं होतं : गद्दारी उघडी पडली त्याच सेशनला त्याला निसटू दिलं आणि पुढच्या वेळी तो खेळाडू नवीन कॅरेक्टर घेऊन पार्टीत बसला. खलनायकाच्या चाली तो मला दोन सेशनच्या मधे लिहून पाठवायचा, चालवायचो मी. शेवटच्या लढाईत मात्र तो उठून माझ्या बाजूच्या खुर्चीत आला आणि आपलंच जुनं कॅरेक्टर बाकीच्यांविरुद्ध खेळला. ती खुर्ची बदलणं फार महत्त्वाचं होतं. तो आता आपल्याविरुद्ध आहे हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होतं.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद २ वाचून रात्री झोप लागली नाही, पण ते बरोबर आहे.

आज मैत्रिणीला फोन केला. आधी झोन ऑफ ट्रूथचं सांगितलं, मग घंटेचं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मला कळलं होतं. बरोबर ओळखलं होतं मी." मी हो म्हटलं. ती म्हणाली, "तो फसवत होता त्याचं काही नाही रे, त्याचं कॅरेक्टरच तसं आहे. तू का हो म्हणालास?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. गुपित फुटेल म्हणून घाबरलो, एवढंच खरं होतं, तेच सांगितलं. यापुढे स्पेलचा निकाल पडद्यामागे ठेवणार नाही, फासा सगळ्यांसमोर टाकीन, हेही कबूल केलं.

तिने एकच गोष्ट मागितली. शनिवारी म्हातारीला पाचवा प्रश्न पॅलाडिन विचारणार. तोवर क्लेरिक आणि रेंजरला काही सांगायचं नाही, कारण त्यांना कोणी नियमात फसवलेलं नाही आणि त्यांना तो क्षण टेबलावरच मिळायला हवा. हे मला पटलं.

आतेभावालाही सांगितलं की तिला कळलंय. त्याने पहिल्यांदा विचारलं, "ती माझ्यावर चिडली आहे का?" मी म्हटलं, तुझ्यावर नाही. मग म्हणाला, दादा, मग मी पळून जाणार नाही, पाचव्या प्रश्नापर्यंत तिथेच उभा राहीन. पळायचं कसं ते त्यानंतर बघू. नवीन कॅरेक्टर म्हणून त्याला त्याच बुडालेल्या गावातला एक वाचलेला मुलगा करायचाय.

प्रतिसाद ३, तुमच्यासाठी एक प्रश्न उरलाय. शेवटची लढाई साधारण दहाव्या लेव्हलला होईल, समोर चार जण असतील, त्यात तो नवीन मुलगाही. आतेभाऊ खुर्ची बदलेल तेव्हा त्या मुलाला कोण चालवणार? आणि ५९ चे किती हिट पॉइंट करू?