फोक्सवॅगनचा इतिहास १९४५ पासून सुरू होत नाही

अनघा_म

परवा इथे 'राखेतून उठलेली फोक्सवॅगन' ही पोस्ट आली आणि कौतुकाचा पाऊस पडला. जिने वाचली नसेल तिच्यासाठी सारांश: सामान्य जर्मन माणसाला परवडेल अशी गाडी काढायचं हिटलरने ठरवलं, इंजिनिअर फर्डिनांड पोर्शेने ती कागदावर उतरवली, युद्धात कारखाना बेचिराख झाला आणि जर्मन शिस्तीने पुन्हा उभा राहिला, आपण त्यातून धडा घ्यावा. गप्प बसायचं ठरवलं होतं, पण नाही राहवलं.

त्या पोस्टीतल्या सामान्य जर्मन माणसाचं पुढे काय झालं? गाडीची किंमत ठरली ९९० राइशमार्क (तेव्हाचं जर्मन चलन). दर आठवड्याला निदान ५ मार्कांचं तिकीट विकत घेऊन पुस्तिकेत चिकटवायचं, पुरेशी तिकिटं झाली की गाडी. व्याज नाही, मधेच सोडलं तर पैसे परत नाहीत. ३ लाख ३६ हजार लोकांनी अशी तिकिटं चिकटवली आणि त्यातल्या एकालाही गाडी मिळाली नाही. मे १९३८ मध्ये फालर्सलेबेनजवळ पायाभरणी झाली, पुढच्या वर्षी युद्ध सुरू झालं आणि कारखान्यातून लष्कराच्या क्युबेलवागन बाहेर पडू लागल्या.

कारखाना बांधायला पैसा कुठला? मे १९३३ मध्ये नाझींनी कामगार संघटना मोडल्या, त्यांच्या इमारती आणि ठेवी जप्त केल्या. ती मालमत्ता जर्मन लेबर फ्रंट या नाझींच्याच कामगार संघटनेकडे गेली आणि लेबर फ्रंटने हा कारखाना उभारला. म्हणजे लुटलेल्या कामगारांच्या पैशावर 'कामगारांची गाडी'.

आणि युद्धाच्या काळात तिथे राबलं कोण? सुमारे २० हजार माणसं, सक्तीने आणलेली. पोलंड, सोव्हिएत युनियन, फ्रान्स, इटली इथली, शिवाय छळछावण्यांतले कैदी. पोलिश आणि सोव्हिएत बायकांना मूल झालं की ते त्यांच्याकडून काढून घेऊन कारखान्याच्या बालगृहात ठेवत. ते बालगृह पुढे र्‍यून गावी हलवलं. तिथे ३०० हून अधिक तान्ही मुलं दगावली. जबाबदार डॉक्टर हान्स क्योर्बेल याला ब्रिटिश लष्करी न्यायालयाने दोषी ठरवलं आणि १९४७ मध्ये मृत्युदंड दिला.

गाडी चांगली होती की नव्हती हा माझा वादच नाही. धडा घ्या म्हणता, तर ही पानं फाडून कसला धडा घ्यायचा?

गिअरबदल

पोस्ट माझी आहे, त्यामुळे उत्तर मीच देतो. अनघाताई, मी गाड्यांवर लिहितो, नाझींवर नाही. तुम्ही सांगितलेलं खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण हीच गाडी, म्हणजे बीटल, जगात २ कोटी १५ लाखांच्या वर बनली, १९७२ मध्ये तिने फोर्ड मॉडेल टीचा विक्रम मोडला, शेवटची २००३ मध्ये मेक्सिकोत पुएब्लाच्या कारखान्यातून निघाली. इतकी वर्षं लोकांनी ती घेतली ती गाडी म्हणून. मागे इंजिन, हवेने थंड होणारं, रेडिएटर नाही, पाणी गोठण्याची भीती नाही. हे इंजिनिअरिंग आहे आणि त्याला दाद द्यायला प्रत्येक वेळी आधी श्रद्धांजली वाहायची का?

आमच्याकडे फोक्सवॅगनचीच छोटी गाडी, पोलो आहे. लाखाच्या वर किलोमीटर झाले. आजही दार लावलं की तो धप्प आवाज येतो, दुसऱ्या कुठल्या छोट्या गाडीला येत नाही. पत्रा म्हणजे पत्रा. ही क्वालिटी हवेतून येत नाही.

रा_शि_देव

अनघाताई, तुमचा अभ्यास दांडगा आहे, पण निवाडा एकतर्फी. डाइम्लर-बेंझ, बीएमडब्ल्यू, सगळ्यांकडे सक्तीचे मजूर होते. अमेरिकन फोर्डच्या कोलोनमधल्या कारखान्यातही होते. खुद्द हेन्री फोर्डने १९३८ मध्ये नाझी सरकारचं पदक स्वीकारलं. मग फोर्डच्या पोस्टीखाली कोणी असा लेख का लिहीत नाही? फोक्सवॅगनचा जन्म बदनाम म्हणून तिलाच झोडपायचं, हा न्याय नव्हे.

अनघा_म

देवकाका, फोर्डची कौतुकपोस्ट येऊ द्या, तिथेही लिहीन. शेजाऱ्याने चोरी केली म्हणून माझी चोरी माफ होत नाही. आणि फरक आहेच. डाइम्लर किंवा फोर्ड हिटलरच्या आधीपासून होत्या. ही कंपनी त्या राजवटीनेच जन्माला घातली.

गिअरबदल, 'जर्मन शिस्तीने उभी राहिली' याबद्दल. १९४५ मध्ये कारखाना ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात होता. मेजर आयव्हन हर्स्ट नावाच्या इंजिनिअर अधिकाऱ्याने तो चालू केला आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने २० हजार गाड्यांची ऑर्डर दिली. ती ऑर्डर नसती तर यंत्रं उचलून नेली असती. ओपेलमधून आलेले हाइन्रिश नॉर्डहॉफ जानेवारी १९४८ मध्ये प्रमुख झाले, तोवर गाडी रुळावर आली होती.

आणि डिझाइन एकट्या पोर्शेचं? टाट्रा या चेक कंपनीच्या हान्स लेडविंकाने मागे इंजिन असलेल्या, हवेने थंड होणाऱ्या गाड्या आधीच केल्या होत्या. डिझाइन उचलल्याचा टाट्राचा दावा युद्धामुळे लोंबकळला आणि १९६५ मध्ये फोक्सवॅगनने पैसे देऊन मिटवला. योझेफ गान्झ हा ज्यू इंजिनिअर स्वस्त, छोट्या गाडीसाठी वर्षानुवर्षं लिहीत होता. त्याच्या कल्पनांवरची 'स्टँडर्ड सुपीरिअर' १९३३ च्या बर्लिनच्या प्रदर्शनात होती. त्याच वर्षी गेस्टापोने (नाझींच्या गुप्त पोलिसांनी) त्याला अटक केली, पुढे त्याला देश सोडावा लागला. तुमच्या पोस्टीत त्याचं नावही नाही.

स्वप्निल_ठा

अवांतर, पण त्या 'धप्प'बद्दल बोलायलाच हवं. हा गैरसमज माणसं मारतो.

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किमीला आदळवल्या. एअरबॅग नसलेली पोलो त्यात होती. शून्य तारे. धप्प आवाजासकट शून्य. दाराचा आवाज रबर, कुलूप आणि आतल्या फोमवर असतो, त्यावरून जीव वाचत नाही.

माझ्या चुलतभावाचा नारायणगावजवळ अपघात झाला. गाडी कुठली ते लिहीत नाही, ही पोलो नव्हती. तीही 'दणकट' म्हणून घेतलेली. एअरबॅगचं मॉडेल महाग म्हणून खालचं घेतलं. छाती स्टीअरिंगवर आदळली. तो वाचला, पण पुन्हा उभ्याने काम करू शकला नाही. तेव्हापासून कोणी पत्र्याचं कौतुक केलं की माझं डोकं फिरतं.

गिअरबदल

भावाबद्दल वाईट वाटलं. पण अर्धीच गोष्ट सांगतोयस. त्याच चाचणीत पोलोचा सांगाडा स्थिर राहिला होता, त्या पाचातल्या काहींचा कोलमडला. दोन एअरबॅग लावून तीच गाडी आदळवली तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षेला चार तारे मिळाले. म्हणजे पत्रा चांगला होताच.

स्वप्निल_ठा

म्हणजे चार तारे देता येत होते आणि तरी शून्याची गाडी विकली! युरोपात त्याच नावाची गाडी एअरबॅगशिवाय विकली असती का? हेच तर अनघाताई सांगतायत. जिथे कोणी विचारत नाही तिथे ही कंपनी वेगळी वागते.

चाकणकर

मी चाकणमध्ये सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला तेव्हा आमच्या भागातल्या कितीतरी पोरांना काम लागलं. तुम्ही घरी बसून १९३८ उकरता, इथे लोकांची घरं त्या ऑर्डरवर चालतात. मेक्सिकोला गाडी जाते इथून, माहीत आहे का? उद्या कंपनीने गाशा गुंडाळला तर तुमचे लेख पोरांना जेवू घालणार नाहीत.

अनघा_म

चाकणकर, कोणाच्या पोटावर पाय द्यायला मी लिहिलेलं नाही आणि तसं म्हणणं मला लागलं. उलट कामगारांचाच इतिहास सांगतेय. युद्धानंतर या कंपनीचा मालक कोण हेच ठरत नव्हतं, कारण ती संघटनांच्या जप्त पैशावर बांधलेली. त्या घोळातून १९६० चा फोक्सवॅगन कायदा आला. ६० टक्के शेअर लोकांना विकले, लोअर सॅक्सनी राज्याकडे २० टक्के राहिले. तिथल्या संघटनेच्या ताकदीचं मूळ तिथे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये २०३० पर्यंत ३५ हजार नोकऱ्या कमी करायचं ठरलं, पण सक्तीने कोणाला काढायचं नाही आणि जर्मनीतला एकही कारखाना लगेच बंद करायचा नाही, हे कामगारांनी पदरात पाडून घेतलं.

चाकणकर

ते तिकडे. आमच्याकडे मी आधी जिथे होतो त्या कंपनीत (नाव नको) वर्षानुवर्षं कंत्राटावर ठेवायचे, मधे ब्रेक द्यायचा, पुन्हा नवीन कार्ड. संघटनेचं नाव काढलं की गेटबाहेर. त्यावर लिहा की कोणीतरी. पण संघटनांच्या पैशाची गोष्ट मला ठाऊक नव्हती, ती कामाची आहे.

मेधा_ब्राउनश्वाइग

फोक्सवॅगनचा तो कारखाना आहे त्या वोल्फ्सबुर्गपासून मी अर्ध्या तासावर राहते. अनघा, तुझे तपशील बरोबर आहेत, निष्कर्ष नाही. इथे हे कोणी लपवत नाही. आमच्या इमारतीतल्या आजींच्या वडिलांनी ती तिकिटं चिकटवली होती. पुस्तिका अजून त्यांच्या कपाटात आहे. बचतदारांनी कंपनीवर दावा लावला, तो १९६१ मध्ये मिटला. नव्या गाडीवर जास्तीत जास्त ६०० मार्कांची सूट किंवा १०० मार्क रोख. आजींच्या वडिलांनी रोख घेतले, त्यातून सायकल आली.

आणि १९८६ मध्ये कंपनीनेच इतिहासकार हान्स मॉमझेन यांना अभिलेखागार उघडून दिलं. १९९६ मध्ये त्यांचा आणि मानफ्रेड ग्रीगर यांचा हजार पानांचा ग्रंथ आला. र्‍यूनची बाळंसुद्धा त्यात आहेत. हवाई हल्ल्यापासून बचावासाठी कारखान्याच्या आवारात बांधलेल्या जुन्या तळघरात स्मृतिस्थळ आहे, मी पाहिलंय. आपल्याकडच्या किती उद्योगघराण्यांनी स्वतःच्या पैशाने स्वतःविरुद्ध असा ग्रंथ लिहवून घेतला?

अनघा_म

मेधाताई, हा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण मजुरांसाठी २ कोटी मार्कांचा निधी १९९८ मध्ये निघाला, वाचलेल्यांनी कोर्टाची पायरी चढल्यावर. ग्रीगर नंतर कंपनीचे इतिहासकार झाले आणि २०१६ मध्ये, फोक्सवॅगनच्याच मालकीच्या आउडीच्या युद्धकाळावरच्या अभ्यासावर टीका केल्यावर, बाहेर पडले. ब्राझीलमध्ये लष्करी राजवटीच्या काळात कंपनीचे सुरक्षारक्षक कामगारांची माहिती पोलिसांना पुरवत होते. त्याची भरपाई २०२० मध्ये ठरली. दार उघडतं, पण बाहेरून कोणीतरी ढकलावं लागतं.

रा_शि_देव

आणि डिझेल? तुम्ही दोघी त्यावर गप्प कशा? सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेने पकडलं. जगभरात १ कोटी १० लाख गाड्या, चाचणी चालू आहे हे सॉफ्टवेअरने ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करायचा. मी कंपनीची बाजू घेतली होती, पण इथे घेणार नाही. मला दमा आहे.

गिअरबदल

भारतात तसं सिद्ध झालेलं नाही, काका. गाड्या तपासणाऱ्या पुण्याच्या एआरएआय संस्थेने रस्त्यावर चाचण्या घेतल्या तेव्हा काही मॉडेल बीएस-४ या आपल्याकडच्या तेव्हाच्या प्रदूषण मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघाली, पण तेव्हा रस्त्यावरच्या चाचणीची मर्यादाच कायद्यात नव्हती. कंपनीने ३ लाख २३ हजार गाड्या स्वतःहून परत बोलावल्या. हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड केला, तर सुप्रीम कोर्टाने सक्तीची कारवाई थांबवली.

रा_शि_देव

मर्यादा कायद्यात नव्हती म्हणून फुप्फुसाला कळत नाही का? आणि पीयूसीचं काय? माझ्या ओळखीतल्या एकाच्या गाडीला नळी न लावताच पावती मिळाली. केंद्राचं नाव लिहीत नाही. चाचणीपुरतं स्वच्छ, ही खोड फक्त जर्मनांची नाही, आणि ती ज्या देशात खपते तिथे खपवली जाते.

स्वप्निल_ठा

काका, हाच एअरबॅगचा मुद्दा.

गिअरबदल

सगळं एकाच मापाने मोजू नका. २०१४ च्या निकालानंतर कंपनीने एअरबॅगशिवायची पोलो विकणं बंद केलं, दोन एअरबॅग प्रत्येक मॉडेलला दिल्या. चालकाची एअरबॅग आपल्या सरकारने सक्तीची केली जुलै २०१९ मध्ये, शेजारच्या सीटची २०२१ मध्ये. कंपनीच्या टायगुन आणि व्हर्टस या गाड्या चाकणलाच बनतात, दोन्हींना पाच तारे. त्या चाचणीतल्या बाकीच्यांनी काय केलं ते बघ आणि मग बोल.

माझ्या पोस्टीत हर्स्ट, गान्झ आणि बचतदार घालतो. र्‍यूनबद्दल दोन ओळींत लिहिणं मला जमणार नाही, त्यासाठी या धाग्याचा दुवा देतो. पण शीर्षक बदलणार नाही.

स्वप्निल_ठा

कायद्याच्या पाच वर्षं आधी दिल्या, हे खरं आहे. भावाने गाडी घेतली तेव्हा खालच्या मॉडेलला एअरबॅग असती तर एवढं लिहायची वेळ आली नसती. पण त्या निकालाआधी विकलेल्या, एअरबॅग नसलेल्या पोलो आजही रस्त्यावर आहेत आणि सेकंडहँडच्या जाहिरातीत 'जर्मन टँक' म्हणून खपतात. कोणी घेणार असाल तर आधी स्टीअरिंगवर एअरबॅगची खूण बघा, दार नंतर आपटा.