मदत हवी आहे : ड्राइव्ह निम्मा केला तरी अँप्लिफायर तेवढाच तापतो

नमस्कार मंडळी,

शॉर्टवेव्ह रेडिओ ट्रान्समीटरसाठी दोन आयआरएफ५१० मॉस्फेट (पॉवर ट्रान्झिस्टर) वापरून पुश-पुल (दोघे आळीपाळीने काम करणारा) अँप्लिफायर बांधला आहे. आउटपुट ४० वॅट. एसएसबीवर (आवाज पाठवण्याची पद्धत) बोलताना आवाजात चढउतार असल्याने निभावतं. पण एफटी८ (संगणकाने छोटे संदेश पाठवण्याची डिजिटल पद्धत) वर १५ सेकंदांपैकी सुमारे १२.६ सेकंद सलग पूर्ण ताकद लागते, आणि तिथे हीटसिंक भराभर तापतो.

सध्या हीटसिंकवर थर्मिस्टर (तापमान मोजणारा घटक) आहे. ४५ अंशांना पंखा सुरू, ७० ला बायस (मॉस्फेटच्या गेटला सतत दिलेला व्होल्टेज) बंद. पण हिशेब केल्यावर धास्ती वाटते. कार्यक्षमता ५० टक्के धरली तर एकेका मॉस्फेटमध्ये २० वॅट उष्णता. जंक्शन (आतली चिप) ते केस (बाहेरचं आवरण) ३.५ अंश प्रति वॅट, म्हणजे ७० अंशांची वाढ. टॅब (मागची धातूची पट्टी) ड्रेनला (मॉस्फेटच्या आउटपुट टोकाला) जोडलेला, त्यामुळे मधे मायका (विद्युतरोधक चकती) हवाच. त्याचा अंदाजे १ अंश प्रति वॅट धरला तर आणखी २०. म्हणजे हीटसिंक ७० वर असताना आतली चिप १६० वर, आणि मर्यादा १७५ ची!

म्हणून ड्राइव्ह (अँप्लिफायरला जाणारा इनपुट सिग्नल) कमी करून आउटपुट २० वॅटवर आणलं. तरी तापमान जेमतेम उतरलं. असं का? आणि बायस तोडणं हे संरक्षण पुरेसं आहे का?

प्रतिसाद :

हिशेब बरोबर आहे. एबी वर्गात (थोडा बायस देऊन चालवलेल्या अशा अँप्लिफायरमध्ये) ड्राइव्ह कमी केला की कार्यक्षमताही घसरते. २० वॅटला ती ३५ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे उष्णता जवळपास ३७ वॅट. आधी ४० होती, फरक पडणार कुठून? त्याऐवजी ड्रेनचा व्होल्टेज ०.७ पट करा आणि ड्राइव्ह त्याला जुळवून घ्या. कार्यक्षमता टिकेल, उष्णता निम्म्यावर येईल.

नुसता बायस तोडू नका. ड्राइव्ह चालू राहिला तर मॉस्फेट सी वर्गात (बायसशिवाय, नुसत्या ड्राइव्हवर) चालतच राहतात. आधी पीटीटी (ट्रान्समिट सुरू करणारी लाइन) तोडा, म्हणजे ड्राइव्हच थांबेल. पुन्हा सुरू होण्याचं तापमान दहाएक अंश खाली ठेवा, नाहीतर रिले टकटकत बसेल. थर्मिस्टरच्या तारा पिळून घ्या आणि कंट्रोल बोर्डाजवळ १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा, आरएफ (रेडिओ सिग्नल) शिरलं तर तापमानाचं रीडिंग भलतंच येतं.

एसडब्ल्यूआरसाठी (अँटेनाकडून किती ताकद परत येते त्याचं माप) मात्र वेगळा ट्रिप (आपोआप बंद करणारं संरक्षण) हवाच. अँटेना सुटली तर हीटसिंक गरम होण्याआधीच चिप जाते, थर्मिस्टरला पत्ताही लागत नाही.