घोड्यांच्या तबेल्याला बाहेरून लाकडी फळ्या मारायच्यात, पावसात टिकायला काय काय करू?

अबलख_प्रेमी:
नमस्कार मंडळी. तबेल्याचा सांगाडा आम्ही घरच्याघरीच उभा केलाय, लाकडी खांब ८ फुटांवर, वर पत्रा घालून झालाय, रुंदी २४ फूट आणि आत तीन घोड्यांचे खण. आता बाहेरच्या भिंती तेवढ्या राहिल्यात. फळ्या एक इंच जाड, ८ ते १० इंच रुंद, करवतीवरून थेट आलेल्या, रंधा मारलेला नाही आणि हाताला अजून ओलसर लागतायत. पावसाची झड एकाच बाजूने येते पण येते ती जबरदस्त, त्यामुळे ती भिंत कशी टिकणार याची मला खरंच काळजी आहे. विचारायचंय ते असं की फळ्या उभ्या माराव्यात की आडव्या, फट ठेवायची का, मागून प्लॅस्टिकचा कागद लावावा का, आणि वरून रंग द्यावा की तेल. अजून एक, आमची एक घोडी लाकूड कुरतडते, त्यामुळे जे काही लावू ते तिच्या तोंडात जाणार हे धरूनच चाललोय. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

जुना_रंधा:
उभ्या मारा. आडव्या फळीवर प्रत्येक सांध्याला पाणी थांबायला जागा मिळते, उभ्या फळीवरून ते सरळ खाली ओघळतं, आणि ओलं लाकूड वापरायचं असेल तर उभी फळी आणि सांध्यावर पट्टी ही पद्धत सगळ्यात जास्त सांभाळून घेते. फक्त उभ्या फळ्यांना खिळा मारायला आडवे वासे लागतात, ते खांबांच्या बाहेरून साधारण दोन-दोन फुटांवर घ्या, आणि सगळ्यात खालचा वासा ट्रीटमेंट केलेलाच (कुजू नये म्हणून रसायन मुरवलेला) घ्या कारण ओल तिथेच सगळ्यात जास्त.

आता मुख्य गोष्ट, लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही पण रुंदीत भरपूर हलतं. दहा इंचाची ओली फळी वाळता वाळता पाव ते अर्धा इंच आक्रसू शकते. म्हणून तिच्या दोन्ही कडांना खिळे ठोकून तिला जखडलं की ती मधोमध फाटणारच, दुसरा मार्गच उरत नाही तिला. ८-१० इंची फळीला प्रत्येक वाशावर दोन खिळे, मध्याच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांपासून तीनेक इंचांवर, बस. कडा मोकळ्या. वरची पट्टी अडीच-तीन इंच रुंद घ्या आणि तिचा खिळा दोन फळ्यांच्या मधल्या फटीतून थेट मागच्या वाशात जाऊ द्या, फळीत अजिबात नको. म्हणजे फळ्या पट्टीखाली हव्या तेवढ्या सरकतील आणि पट्टी त्यांच्या कडा दाबून धरेल. वाळलेल्या फळ्या असतील तर मध्ये अर्धा इंचापर्यंत फट चालते, तुमच्या ओल्या आहेत म्हणून फक्त खिळा जाईल एवढी ठेवा, पुढे ती आपोआप वाढणार आहे.

खिळे हॉट डिप गॅल्वनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) किंवा स्टेनलेस, अंगावर कड्या असलेले. नुसता चकचकीत मुलामा दिलेले स्वस्तातले नकोत, ते लवकर गंजतात आणि ओक, सीडर असल्या टॅनिनवाल्या लाकडावर तर खिळ्याखालून काळे ओघळ उतरतात जे नंतर काही केल्या जात नाहीत. खिळा मागच्या वाशात दीड इंच तरी शिरला पाहिजे. आणि हे घोड्यांचं घर आहे, त्यामुळे आतून सगळीकडे हात फिरवून बघा, एकही टोक बाहेर आलेलं दिसता कामा नये.

खालची बाजू, इथेच बहुतेक भिंती मरतात. फळीचं खालचं टोक जमिनीपासून ६ ते ८ इंच वर हवंच, जास्त जमलं तर उत्तम, खाली दगड-विटांचं जोतं घ्या. पागोळ्या जमिनीवर पडून जे चिखलाचे शिंतोडे उडतात ते रोज त्याच जागी बसतात, म्हणून वळचण दोन फूट बाहेर काढता आली तर काढाच, किंवा पन्हळ लावा, आणि पागोळ्यांच्या रेषेत खडी टाका. फळीचं खालचं टोक आत-वर असं तिरकं कापा, म्हणजे बाहेरची कड सगळ्यात खाली येईल आणि थेंब तिथूनच गळून पडेल, मागे चढणार नाही. लाकूड टोकातून पाणी कसं पितं ते बघितलं तर धक्का बसेल, बाजूच्या अंगापेक्षा कितीतरी पटीने. त्यामुळे प्रत्येक कापलेलं टोक ठोकण्याआधी तेलात किंवा प्रायमरमध्ये बुडवून घ्या, भिंतीवर गेल्यावर तिथे ब्रश पोचतच नाही.

पागेवाली_ताई:
रंधा दादांनी बाहेरचं सगळं छान सांगितलंय, मी घोड्याच्या बाजूने बोलते कारण लोक हे विसरतात. बाहेरची एक इंची फळी पावसासाठी आहे, घोड्यासाठी नाही. ती बाहेरून ठोकलेली असते, म्हणजे घोड्याने आतून लाथ घातली की जोर थेट खिळ्यांवर येतो आणि फळी खिळ्यांसकट बाहेर निघते, किंवा फुटते आणि पाय त्यात अडकतो, आणि असा अडकलेला पाय ओढताना जनावर स्वतःची जी दशा करून घेतं ती कुणाच्याही घोड्याची होऊ नये. त्यामुळे खणांमध्ये खांबांच्या आतल्या बाजूने दोन इंची जाड फळ्या आडव्या बसवा, निदान ४ फूट उंच, ५ केल्या तर फारच बरं. आतून मारल्यामुळे लाथेचा जोर खांबावर जातो, खिळ्यांवर नाही. मध्ये खूर जाईल एवढी फट नको.

आतल्या आणि बाहेरच्या फळ्यांमध्ये जी पोकळी राहते ती वरून बंद करू नका, हवा खेळू दे, नाहीतर लीद-मुताची ओल बाहेरच्या फळीच्या पाठीला लागून ती मागून कुजते आणि समोरून काहीच दिसत नाही. गवताच्या बिछान्याला टेकणारी सगळ्यात खालची जाड फळी तेवढी ट्रीटमेंटवाली घ्या, ती नेहमी ओलीच असते.

आणि कृपा करून भिंती हवाबंद करायच्या मागे लागू नका. एक मोठा घोडा नुसत्या श्वासातून दिवसाला आठ लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो, तुमचे तीन आहेत. ती वाफ कुठेतरी जायला हवी. रुंदीच्या दर १० फुटांमागे आढ्याला २ इंच आणि दोन्ही वळचणींना १-१ इंच सलग उघडी फट असं साधारण धरतात, तुमच्या २४ फुटांना आढ्यावर पाचेक इंच आणि वळचणीला अडीच-अडीच इंच झाली. फळ्या पार वरपर्यंत नेऊन ही वळचणीची फट बुजवायचा मोह होतो, तो टाळा. घोड्याला थंडी तेवढी बाधत नाही जेवढी कोंदट हवा आणि अमोनिया बाधतो, खोकला तिथूनच सुरू होतो.

कुरतडणाऱ्या घोडीसाठी, तिच्या तोंडाच्या उंचीच्या जेवढ्या उघड्या कडा आहेत, दाराची वरची कड, खिडकीची चौकट, त्यांवर कोन असलेली लोखंडी पट्टी बसवा, गुळगुळीत घासून. पण बघा तिला चारा सतत मिळतोय का आणि मोकळं फिरायला किती वेळ मिळतो, कारण बरेचदा पोटात चोथा कमी पडला की त्या लाकडाला लागतात. नुसत्या पट्ट्या मारून घोडीची अडचण सुटत नाही.

धुळीचा_रस्ता:
मला वाटतं झडीच्या बाजूला तरी मागून काहीतरी लावावं, प्लॅस्टिक नको पण वाफ जाऊ देणारा मेंब्रेन मिळतो तो. आणि तेलाचं म्हणाल तर आमच्याकडे जुनं इंजिन ऑइल फळ्यांना चोपडतात, वाळवी फिरकत नाही, वर्षानुवर्षं टिकतं, खर्च शून्य.

पागेवाली_ताई:
इंजिन ऑइलला माझा पूर्ण विरोध आहे. वापरलेल्या तेलात जड धातू उतरलेले असतात, घोडी ते चाटणार आहे, वर ते पावसाने उतरून जमिनीत जातं आणि गवताशेजारी तेलकट भिंत म्हणजे आगीला आमंत्रण. क्रिओसोट (डांबरी तेल) लावलेले जुने खांब किंवा रेल्वेचे स्लीपर आणि जुनं आर्सेनिकवालं सीसीए (तांबं, क्रोमियम, आर्सेनिकची रसायनं मुरवलेलं) लाकूडही कुरतडणाऱ्या जनावराच्या आवाक्यात नको. आणि एक, फळ्या कापताना पडलेला भुसा सरसकट खणात पसरू नका. ट्रीटमेंटवाल्या लाकडाचा तर नाहीच, आणि ब्लॅक वॉलनटचा भुसा बिछान्यात मिसळला तरी घोड्याला लॅमिनायटिस (खुराच्या आत सूज) होतो, खुरं कायमची जाऊ शकतात.

जुना_रंधा:
मेंब्रेनबद्दल धुळीचा रस्ता यांचं म्हणणं घराच्या भिंतीला बरोबर आहे. इथे भिंतीत इन्सुलेशन नाही, आतली बाजू उघडी आहे, फळीला दोन्ही अंगांनी वारा लागतो, आणि तेच तिचं खरं संरक्षण आहे. झडीचं थोडं पाणी आत येणार, येऊ दे, ते वाळलं पाहिजे एवढंच. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. प्लॅस्टिक लावलंत तर आतली वाफ त्यावर गार होऊन पाणी होईल आणि फळीची पाठ वाळणारच नाही. मेंब्रेन त्यापेक्षा बरा पण सुटलेली कड घोडा ओढतो, उंदीर मागे घर करतात. झडीच्या भिंतीला त्यापेक्षा रुंद पट्टी वापरा, म्हणजे दोन्ही फळ्यांवर इंच-इंच तरी चढेल, आणि फळ्या पूर्ण उंचीच्या घ्या म्हणजे मध्ये आडवा सांधा येणारच नाही. सांधा टाळताच येत नसेल तर दोन्ही टोकं बाहेरच्या बाजूला उताराची तिरकी कापून एकावर एक बसवा, आणि दारं-खिडक्यांच्या वर झेड आकारात वाकवलेली पत्र्याची पट्टी हवी, तिची वरची कड फळीच्या मागे. नुसतं सिलिकॉन भरून भागवू नका, लाकूड हललं की ते सुटतं आणि मग पाणी आत धरून ठेवतं.

अबलख_प्रेमी:
सगळ्यांचे मनापासून आभार, आतल्या जाड फळ्यांचा तर मी हिशोबच धरला नव्हता, आता तेच आधी घेतो. तेल की रंग तेवढं राहिलं. आणि फळ्या ओल्या आहेत तर आत्ताच ठोकू की वाळवून? गंजी तशीच एकावर एक रचून ठेवलीय, वरून ताडपत्रीत पूर्ण गुंडाळून.

जुना_रंधा:
ताडपत्री आजच बाजूंनी उघडा, नाहीतर बुरशीचे काळे डाग पडतील. गंजी जमिनीपासून वर उचला, प्रत्येक थरामध्ये इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या दीड-दोन फुटांवर, आणि त्या पट्ट्या खालपासून वरपर्यंत एकाच रेषेत, रेष चुकली की फळ्या लाटेसारख्या वाकतात. फक्त वरून झाका, बाजूंनी वारा जाऊ दे. एक इंची फळी पूर्ण वाळायला लाकडाच्या जातीप्रमाणे काही महिने ते वर्षही लागतं, तेवढं थांबायची गरज नाही, उभ्या फळी-पट्टीला अर्धवट वाळलेलं लाकूड चालतं, अट एवढीच की खिळ्यांचं मी सांगितलं तसंच करा. गंजीतली एक फळी खूण करून अधूनमधून वजन करत राहा, वजन उतरायचा वेग मंदावला की ठोकायला तयार समजा. फळ्या निवडताना गाभ्याचं लाकूड झडीच्या बाजूला ठेवा, सालीकडचं पांढरं लाकूड कुठल्याही झाडाचं असो ते बाहेर टिकत नाही, ते वळचणीखाली जिथे पाऊस पोचत नाही तिथे वापरा. वाळवीचं भय असेल तर बोरेटचं (बोरॉनच्या क्षाराचं) द्रावण ओल्या लाकडात चांगलं खोल शिरतं, पण ते पावसाने धुऊन जातं म्हणून वरून तेल किंवा स्टेन (लाकडात मुरणारा पातळ रंग) लागतोच.

रंग नको असं मी म्हणेन. रंगाचा थर वर बसतो, आतून घोड्यांची वाफ आणि फळीतली उरलेली ओल त्याला मागून ढकलते आणि पोपडे निघतात, ते घोडी खाणार. आत मुरणारा, रंगद्रव्य असलेला तेलाचा स्टेन घ्या, जनावरांच्या ठिकाणी वाळल्यावर चालतो असं डब्यावर लिहिलेलं बघून. नुसतं पारदर्शक तेल उन्हापासून वाचवत नाही, रंगद्रव्यच ते काम करतं. तुमच्या फळ्यांना रंधा नाही हे फार चांगलं आहे, खरबरीत अंगात स्टेन जास्त मुरतो आणि जास्त टिकतो, तीन ते पाच वर्षांनी परत हात द्यायचा, उन्हाच्या बाजूला थोडा आधी. शक्य असेल तर चारही अंगं आणि दोन्ही टोकं खालीच रंगवून मग ठोका.

आणि जवसाचं तेल किंवा तसला स्टेन पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या वाळताना आपोआप तापतात आणि कुणी काडी न लावता पेटतात. उघड्यावर सुट्या पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या लोखंडी डब्यात टाका. तबेल्यात चारा आहे, इथे चूक परवडत नाही.

अबलख_प्रेमी:
चिंध्यांचं माहीतच नव्हतं, घरात सगळ्यांना सांगतो. दादा, अर्धवट वाळलेल्या फळीला स्टेन कधी मुरेल हे ओळखायचं कसं?

जुना_रंधा:
फळीवर पाण्याचे दोन-चार थेंब टाका. लगेच शोषले गेले तर स्टेन घेईल, मोत्यासारखे वरच उभे राहिले तर अजून थांबा. पण अति थांबून कोरी फळी भिंतीवर उन्हात महिनोन् महिने ठेवू नका, वरचं पापुद्र्याएवढं लाकूड उन्हाने मरतं आणि मग त्यावर काहीच धरत नाही, तसं झालंच तर कडक ब्रशने घासून मग लावा. झडीच्या भिंतीपासून सुरू करा.