झेंडा बांधणाऱ्याची सुट्टी
सुट्टी मिळाली की लोक लोणावळ्याला पळतात, झेंडावंदनाला फिरकत नाहीत, म्हणजे देशप्रेम आटलं, असं बरेच जण म्हणतात. पळणाऱ्यांबद्दल मान्य. पण ज्यांना सुट्टीच नसते त्यांचं काय? आमच्या भांडुपच्या सोसायटीत २६ जानेवारीला पहाटे झेंड्याच्या घडीत झेंडूच्या पाकळ्या भरून दोरी बांधून ठेवतात ते वॉचमनकाका. बारा तासांची रात्रपाळी झालेली, तरी राष्ट्रगीत संपेपर्यंत फाटकापाशी ताठ उभे. यंदा त्यांना जिलबी देताना विचारलं, रात्री बारानंतर २६ तारीख लागली, त्याचा जादा पगार मिळतो ना? मी कशाबद्दल बोलतोय हेच त्यांना कळेना.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या भरपगारी सुट्ट्या आहेत; त्या दिवशी कामाला लावलं तर दुप्पट पगार आणि बदली रजा. राजकारणात समता येईल पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमताच राहील, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं. सोसायटीच्या कमिटीत विषय काढून वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला पत्र दिलंय. उत्तर नाही अजून. १५ ऑगस्टच्या आत काकांच्या जादा पगाराचा हिशेब करून घ्यायचाच आहे.